भिंतीपलीकडची ओ

स्वयंपाकघराची आतली भिंत सारवताना भाभीचा हात एका ठिकाणी वळसा घेतो. चुलीच्या डाव्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्या भिंतीत लिंबाएवढे एक भोक आहे. पांढऱ्या मातीत बुडवलेला बोळा वरून उतरतो, त्या भोकाभोवती गोल फिरतो आणि पुढे सरकतो. दिवाळीआधीचे हे सारवण मी लहानपणापासून पाहत आले, पण तो वळसा मला या वर्षी प्रथम दिसला. मांडीवर बाळ असले की माणसाला एका जागी बसून राहावे लागते, आणि एका जागी बसणाऱ्याला भिंती दिसू लागतात.

भाभी म्हणजे माझी आई. सख्खी आई. हे मला प्रत्येक नव्या माणसाला सांगावे लागते, आणि सांगताना दर वेळी आपण एखादे प्रमेय सिद्ध करीत आहोत असे वाटते.

आमचे गाव तापीच्या काठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. घर धाब्याचे, मातीच्या जाड भिंतींचे; उन्हाळ्यात गार आणि बाराही महिने अंधारलेले. माझे धाकटे चुलतकाका तिला भाभी म्हणत, त्यांचे ऐकून चुलतभाऊ भाभी म्हणत, म्हणून मीही भाभी म्हणाले. थोरल्या काकूला तिची मुले माय म्हणत, म्हणून मीही तिला माय म्हणाले. मूल ऐकलेला शब्द उचलते. तो कोणत्या उंबऱ्यावर ठेवायचा याची त्याला चौकशी नसते. पुढे कोणी दुरुस्ती केली नाही, कारण त्या घरात ही चूक मानली जातच नव्हती.

त्या घराचा एक नियम होता. आजोबा ओसरीवर असेपर्यंत सुनेने स्वतःचे मूल मांडीवर घ्यायचे नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही, ते रडले तर धावायचे नाही. आजोबा तर सदैव ओसरीवरच असत. दुसरीचे मूल मात्र घेता येई. दुसरीच्या मुलाचे लाड म्हणजे घरंदाजपणा, स्वतःच्या मुलाचे लाड म्हणजे निर्लज्जपणा. या नियमाचे तर्कशास्त्र मी पुष्कळ तपासून पाहिले आहे. त्यात एक समतोल आहे हे मान्य करावे लागते: माय मला घेई आणि भाभी मायच्या धाकट्याला घेई. हिशेब बरोबर सुटतो. फक्त मायच्या धाकट्याच्या केसांत खोबरेल चोळणारी भाभीची बोटे मला दाराआडून दिसत, आणि त्या वेळी समतोलाचा मला काही उपयोग नसे.

मला भूक लागली की माय मला उचलून आत भाभीकडे नेई. पोट भरले की परत आणी. बैलांना हौदावर नेतात तसे. हे मला आठवणे शक्य नाही, ऐकलेले आहे. पण स्मरण कुठे संपते आणि ऐकीव कुठे सुरू होते, ती रेघ या बाबतीत मला ओढता आलेली नाही. आठवतात ते वास. मायच्या पदराला सरकीचा आणि सुपारीचा वास होता. कार्तिकात ओसरीभर कापूस पडला की ती मला त्या ढिगात बसवी. ढीग गळ्यापर्यंत येई. ऊब, तेलकट मऊपणा, मधेच एखादे टोचणारे बोंड. भाभीला धुराचा, चुलीत घालायच्या ओल्या तुराट्यांचा आणि ज्वारीच्या पिठाचा वास होता. तो लांबून येई. झोळीत पडल्या पडल्या भिंतीतून येई.

झोळी माजघरात टांगलेली होती. तुळईच्या दोन कड्यांना जुने लुगडे बांधलेले, खाली मी. तिची दोरी कुठे जाते हे मी कधी पाहिले नाही. झोळी हलते, इतकेच माझे ज्ञान होते. आणि ती माय हलवते असे मी गृहीत धरले होते, कारण डोळ्यांसमोर माय असे. ती सुपारी कातरत बसलेली असे. आता विचार करताना ध्यानात येते की सुपारी कातरायला दोन्ही हात लागतात.

मग वाटणी झाली. का झाली हे मला कोणी सांगितले नाही आणि मी मोठी झाल्यावर विचारलेही नाही. आजोबा गेले, आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधायच्या आत घर दोन झाले. माजघर मायकडे गेले, स्वयंपाकघर आणि मागची पडवी आमच्याकडे आली. मधला दरवाजा विटा रचून बंद केला. भांडी वाटली गेली, बैल वाटले गेले, आणि मी भाभीच्या वाट्याला आले.

कित्येक महिने दोन्ही घरे बोलत नव्हती. त्याच दिवसांतली एक दुपार. मी अंगणातून खेळून आले होते, घसा कोरडा पडला होता, भाभी भाकरी थापत होती. तोपर्यंत मला कळू लागले होते की गावातल्या इतर मुली स्वतःला जन्म देणाऱ्या बाईला माय म्हणतात, आणि मला जन्म देणारी बाई म्हणजे भाभी. मी मनाशी ठरवून, चुलीपाशी उभी राहून म्हणाले, "माय, पानी दे."

भाभीने मान वर केली नाही. ती हाक आपल्याला आहे हे तिला कळलेच नाही. परातीतली भाकर तिने अर्धी फिरवली आणि थापत राहिली. पण भिंतीपलीकडे चाललेला अडकित्ता थांबला, आणि त्या भोकातून आवाज आला, "काय वं बाई, काय जोयजे तुले?"

इतक्या महिन्यांत त्या बाजूने या बाजूला आलेला तो पहिला शब्द होता. तो सवयीने आला होता आणि इतका मऊ होता की मी भिंतीकडे वळले. मग भाभी उठली. हाताला पीठ तसेच. तिने कोपऱ्यातले जुने फडके घेतले, त्याचा घट्ट बोळा केला आणि त्या भोकात दाबून बसवला. अंगठ्याने चारी बाजूंनी दाबला. मग तिने मला पाणी दिले. तांब्याला ज्वारीचे पीठ लागलेले होते, ते माझ्या ओठांना लागले.

गावातल्या शाळेत मुलींच्या बाकावर आम्ही मोजक्याच होतो. तिथे मला तिसरा शब्द मिळाला. पुस्तकात पहिल्याच पानावर होता: आई. शेजारी पाळणा आणि नऊवारीतली एक गोरी बाई. घरी जाऊन मी तो शब्द लगेच वापरून पाहिला. "आई, मला जेवायला वाढ," असे शुद्ध वाक्य म्हटले. भाभीने दाराकडे पाहिले.

"कोन उनी?" तिने विचारले.

"कोणी नाही. तुलाच म्हटले."

"मले?" ती हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला. "मले आई म्हनी ऱ्हायनी? मी काय मास्तरीन शे का?"

तो शब्द मी परत पुस्तकात ठेवून दिला.

आणि मग माझा भाऊ झाला. त्याच्या बाळंतपणासाठी माय आपण होऊन, वळसा घालून, अंगणातून आमच्या दाराशी आली; त्याच सुमारास भोकातला बोळा निघाला. घरे बोलू लागली. सगळ्यांना आनंद झाला. मी तेव्हा पाढे म्हणत होते, वजाबाकी करीत होते, आणि मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती: ओसरीवर आता आजोबा नव्हते. नियम होता तो त्यांच्याबरोबर गेला होता. भाभी त्या मुलाला भर अंगणात, उन्हात, सगळ्यांदेखत मांडीवर घेई. "मन्हा राजा, मन्हा वाघ," असे त्याच्या पोटाला नाक लावून म्हणे. त्याची झोळी तिने स्वयंपाकघरातच, आपल्या डोक्यावर टांगली. हात वर केला की हात लागे. आणि बोलू लागल्यावर तो पहिल्यांदा जे बोलला ते "माय". त्याच्या कानावर माझे "भाभी" पडत होते, तरीही. ती स्वतः त्याला शिकवीत होती. ओठ मिटून, उघडून. मी परात घासत ते ऐकत होते. मला कोणी काही शिकवले नव्हते.

मार्गशीर्षात आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. गाडीत कडब्यावर घोंगडी, थंडीने बैलांच्या नाकातून वाफ. यात्रेचा वास मला अजून जसाच्या तसा आणता येतो: घोड्यांचा घाम, भाजलेल्या शेंगा, तुडवलेली लीद, गुळाच्या जिलबीचे तापलेले तेल. एका दावणीला एक अबलख घोडी होती, आणि तिच्या पोटाशी लगटून तिचे शिंगरू. माणसे घोडीचे दात पाहत होती, खूर उचलत होती. शिंगरू मात्र ती सरकेल तिकडे सरके, जणू दोघांत न दिसणारी काठी ठोकली आहे. भावाला ते दिसावे म्हणून भाभीने त्याला कडेवरून आणखी वर उचलले. गर्दी फार होती. तिने मला मनगटाने धरले होते आणि त्याला कमरेने. मनगटाने धरतात ते हरवू नये म्हणून. कमरेने धरतात त्याला निराळे कारण असते. घोडी कोणत्या रंगाची होती हे मला भावापेक्षा अधिक चांगले आठवते, कारण मी सबंध वेळ तिच्याकडेच पाहत होते. वर पाहिले असते तर त्या दोघांची तोंडे दिसली असती.

पुढची वर्षे मी भरभर ओलांडते, कारण मीही ती भरभरच ओलांडली. धुळ्याला शाळा, पुण्याला कॉलेज, पदार्थविज्ञान. वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. पहिल्या प्रयोगासाठी आम्हाला दोरा, शिशाचा गोळा आणि सेकंदाचे घड्याळ दिले. लंबकाचा आंदोलनकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. गोळा जड की हलका, त्याला कोणी ढकलले, हे विचारण्याचे कारण नाही. हा सिद्धान्त मला फार आवडला. हात कोणाचा याने फरक पडत नाही, हे वाक्य माझ्यासाठीच लिहिल्यासारखे होते. मी वहीत आकडे उतरवीत होते आणि त्या स्वच्छ, स्पिरिटचा वास असलेल्या खोलीत मला उगीचच ओल्या तुराट्यांच्या धुराचा वास आला.

लग्नानंतरही मी पुण्यातच राहिले, आणि या श्रावणात बाळंतपणासाठी घरी आले. मुलगी झाली. आणि ज्या बाईला मी आयुष्यभर दाराआडून पाहिले ती बाई एका सकाळीत बदलली. भाभी बाळाला अंघोळ घालते, शेकते, पायावर घेऊन नाक ओढते, टाळूवर तेल थापते, आणि एकसारखी बोलत असते. इतके शब्द तिच्यापाशी आहेत हे मला ठाऊक नव्हते. ओसरीवर उन्हात पाय पसरून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बाळाच्या मुठी उघडून दाखवते. मी दाराच्या सावलीत बसून पाहते. मला माझ्या मुलीचा हेवा वाटतो. हे वाक्य मी सरळ लिहिते. ते फिरवून लिहिले तरी त्याचा अर्थ तोच राहील.

आणि दुसरीकडे भाभीचाही हेवा वाटतो. बाळ माझ्यापाशी रडते आणि तिच्यापाशी थांबते. मी पुण्याहून एक इंग्रजी पुस्तक आणले होते. बाळाला घड्याळाप्रमाणे पाजावे, रडले म्हणून लगेच उचलू नये, असे त्यात सकारण मांडले होते. मी घड्याळ समोर ठेवून बसले होते, बाळाने आकांत मांडला होता. भाभी चुलीवरून उठून आली.

"भूक पोरले लागस का घड्याळले?" तिने विचारले आणि बाळ उचलून नेले. पुस्तकावर मला विश्वास होता की नव्हता हे मी अजून ठरवलेले नाही. पण ते उचलून नेणे मी विसरणार नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला जागा मिळाली आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या कित्येक मुलांना ती मिळाली नाही. दिवाळी झाली की रुजू व्हायचे. यजमानांची हरकत नाही. घर कामाच्या ठिकाणापासून जवळ आहे. पण दिवसभर बाळ कोणापाशी, याचे उत्तर आमच्याकडे अर्धेच होते. यजमानांची एक आत्या येईन म्हणते, येईलच असे नाही. गावातले उत्तर पूर्ण होते, आणि ते सगळ्यांना सारखेच सुचले होते.

"ठेवी जाय पोरले," माय म्हणाली. ती आता थकली आहे, पण रोज अंगणातून येऊन बाळाची दृष्ट काढते. "तुले बी आम्हीच वाढाई ना? काय कमी पडनं तुले?"

"मी शे ना," भाभी म्हणाली. "एक वरीस. दोन वरीस. तू तुन्हं काम कर."

व्यवहाराने पाहता यात खोट काढता येत नव्हती. गाय घरची, हवा चांगली, दोन अनुभवी बायका. मी पंधरवडाभर या प्रश्नाच्या दोन बाजू तराजूत टाकून पाहत होते. दर वेळी पारडे गावाकडे झुके, आणि दर वेळी मी ते पुन्हा उचलून धरी.

त्याच दिवसांत मी ते भोक नीट पाहिले. भाभी सारवून उठली होती, माती ओली होती. भोकाच्या खालच्या कडेला एक खाच आहे; बोट घातले की बसते, गुळगुळीत. मातीत खाच पडायची तर काही तरी पुष्कळ काळ घासले पाहिजे. खाच खाली उतरते, जमिनीकडे, चुलीपुढच्या पाटाच्या दिशेने. हाताने दोरी ओढली असती तर ती वरच्या किंवा बाजूच्या कडेला घासली असती. मी पाटावर बसून पाहिले. उजवा पाय लांब केला. खाच आणि माझा अंगठा एका रेषेत आले.

भाभी हात धूत होती. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी एक फिकट वळ आहे. तो जोडव्याचा असेल असे मी समजत होते. पण जोडवे अंगठ्यात घालीत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. वळ इतका टिकतो का, याची मला शास्त्रीय शंका आहे. ती शंका मी बाजूला ठेवली.

"ही खाच कशानी पडनी?" मी तिच्याच बोलीत विचारले.

"दोरीनी."

"झोळीनी दोरी? तू पायनी वढे?"

तिने पाय लुगड्याखाली घेतला. "भाकर थापाले दोन हात लागतस," ती म्हणाली, आणि पाणी फेकायला बाहेर गेली.

मी तिथेच बसून राहिले. मला पहिल्यांदा काय वाटले असेल? कृतज्ञता वाटायला हवी होती. मला वाटले: ही खाच माझी आहे. भावाची झोळी तिच्या हाताशी होती. त्याच्यासाठी भिंत झिजलेली नाही. त्याच्यापाशी "माय" आहे, कडेवरची यात्रा आहे, अंगणातले ऊन आहे. पण त्याच्या नावाची एकही खूण तिच्या अंगावर नाही. इतका जुना आणि इतका ताजा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. मग बाळ रडू लागले आणि तो आनंद ओसरला, कारण भाभी बाहेरून धावत आली आणि माझ्या मांडीवरून तिला उचलून म्हणाली, "उगी ऱ्हाय, मन्ही माय. उगी, माय."

आमच्याकडे लाडक्या मुलीला असेच म्हणतात, त्यात नवे काही नाही. पण भिंतीपलीकडचा अडकित्ता थांबला.

"काय वं?" मायने भोकातून ओ दिली.

"तुले नही, मोठ्या बाई," भाभी ओरडून म्हणाली. "पोरले म्हनी ऱ्हायनू."

"मंग नीट म्हन ना. मी उठी बसनू आठे," माय म्हणाली, आणि दोघी भिंतीच्या दोन बाजूंना हसत सुटल्या. बाळही गप्प झाले. तो शब्द भाभीच्या तोंडून निघाला, बाळाच्या कपाळाला लागला, भिंतीतून मायकडे गेला आणि परत आला. तिघींत फिरला. माझ्या अंगाला तो लागला नाही.

वर्षभराने ही मुलगी बोलू लागेल. या घरात ती "माय" म्हणेल, आणि ओ कोण देईल हे मला दिसत होते. मी सुट्टीत येईन, पेढे घेऊन, आणि ती पदराआडून माझ्याकडे पाहील. तिला माझे काय नाव सांगतील तेही मला दिसत होते. भाऊ मला ताई म्हणतो. तीही ताईच म्हणेल.

"मी तिला घेऊन जाणार," मी म्हणाले.

भाभीचे हसू थांबले. ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "आत्या नही उनी तं?"

"तर पाहीन."

"काम सोडशी?"

"काम सोडणार नाही. तिलाही सोडणार नाही."

त्या संध्याकाळी भाकरी जरा जाड झाल्या.

आज पहाटे गाडी जुंपली आहे. दोंडाईच्याला आगगाडी गाठायची आहे. अंगणात कापसाचा पहिला ढीग पडला आहे आणि धुक्यात तो शेळ्यांच्या कळपासारखा दिसतो. ट्रंक बांधून झाल्यावर भाभीने आतून एक वस्तू आणली: अंबाडीची दोरी, हाताळून हाताळून रेशमासारखी झालेली, एका टोकाला सैल फासा. अंगठा जाईल एवढा. ती तिने माझ्या पिशवीत, बाळाच्या दुपट्यांखाली सरकवली.

"लई जाय. झोळीले व्हई," ती म्हणाली. बाळाच्या टोपड्याची गाठ तिने एकदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तठे बी भीत व्हई. तिले भोक नको पाडजो."

मी बाळाला तिच्या हातातून घेतले. या वेळी ते रडले, आणि मी घड्याळ पाहिले नाही.

"बरं, भाभी," मी म्हणाले.

तिने मान वर केली. भिंतीपलीकडे माय उठलेली होती, सकाळची पहिली सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला नाही.